धुराड्याच्या काठावर

माझी थोरली मुलगी लग्न होऊन सासरी गेली, नवऱ्याशी भांडून महिनाभरात परत आली, आणि आम्ही तिची समजूत घालायला बसणार तोवर स्वतःच उठून पुन्हा सासरी गेली, त्या वर्षीची ही गोष्ट. एरवी या येण्याजाण्यावर घरात रामायण झालं असतं. पण त्या वर्षी तिच्यावर रागवायलाही कुणाला उसंत नव्हती. थंडी सरता सरता माझ्या धाकट्या भावाची एकुलती एक मुलगी तापानं गेली होती.

तिला आम्ही खारू म्हणायचो. दाराची चौकट, खिडकीचे गज, बापाचे खांदे, जे दिसेल त्यावर चढायची. घरात सगळे तिच्या बापाला धाकट्या म्हणायचे, म्हणून तीही त्याला धाकट्याच म्हणायची, आणि तो ओ द्यायचा. ताप आला, डॉक्टर आला, औषध बदललं, ताप उतरला. आम्ही सगळे पोटभर जेवलो. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. डॉक्टर म्हणाला की अशा तापात कधी कधी होतं असं. धाकट्यानं त्याला विचारलं, "कधी कधी म्हणजे नक्की कधी?" डॉक्टर आपल्या पिशवीचा बंद लावत राहिला.

धाकट्यानं असं का विचारलं ते कळायला आमचं काम ठाऊक हवं. आमचं घराणं उंचावरच्या कामाचं. कारखान्यांची धुराडी, पाण्याच्या टाक्या, प्रार्थनाघरांचे मनोरे, वर काही गंजलं-मोडलं की आम्हाला बोलावणं यायचं. वडील चढायचे, आई खाली दोर धरायची. पुढे धाकटा चढू लागला आणि दोर माझ्या हातात आला. चढणाऱ्याच्या कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर. जाता जाता तो लोखंडी पायऱ्यांना आकडे अडकवतो आणि दोर त्यांतून ओवत जातो. दोराचं दुसरं टोक खाली, जमिनीत ठोकलेल्या खुंट्याला वेढा देऊन माझ्या हातात. तो घसरला तर शेवटच्या आकड्याच्या थोडा खाली जाईल, पुढे मी आहे. वर गेलेल्याला खालून हाक मारायची नाही, हा पहिला नियम. माणूस दचकला की संपलं. सांगायचं ते दोरानं सांगायचं. आणि चढण्याआधी चढणाऱ्यानं आपली गाठ खालच्याला दाखवायची. खालच्यानं तिच्यात बोट घालून ओढून बघायचं आणि मान हलवायची. नवरा-बायकोत अबोला असो की भावाबहिणीत, गाठ दाखवल्याशिवाय पाय उचलायचा नाही.

नवा दोर आणला की त्याचीही परीक्षा असे. अंगणातल्या तुळईला तो टांगायचा, त्याला माणसापेक्षा जड वाळूचं पोतं बांधायचं आणि पोतं उंचावरून सोडून द्यायचं. दुकानदार आईची शपथ घेवो नाहीतर बापाची, पोतं टांगल्याशिवाय आमच्यात कुणी दोरावर विसंबत नाही.

आमच्या कामात माणूस पडतो तेव्हा कारण सापडतं. गाठ ढिली होती, पायरी गंजलेली होती, वारा होता, पोटात दारू होती. लोक रडतात, पण कारण हातात असतं. खारूच्या बाबतीत हातात काहीच नव्हतं. धाकटा ते शोधायला निघाला.

गावातल्या सगळ्या प्रार्थनाघरांची छपरं आम्हाला पाठ होती. आत मात्र आम्ही कधी गेलो नव्हतो. आमच्याबरोबर वेल्डिंगला येणारा एक मित्र होता, त्याला सगळे वेल्डरच म्हणत. तो कुठलाच देव मानायचा नाही. तो म्हणायचा, "देवाच्या डोक्यावर बसून खरोखर मिरे वाटले असतील तर ते तुम्हीच." आता धाकटा त्याच घरांच्या दारातून, चपला काढून, आत जायला लागला. मी सोबत जायची. त्याला एकट्याला सोडवत नव्हतं आणि भावजय अजून अंथरुणातून उठत नव्हती.

आधी आम्ही घंटेवाल्यांकडे गेलो. त्यांच्या घंटेची चौकट धाकट्यानंच बसवलेली, म्हणून त्यांनी मान दिला, पाणी दिलं. त्यांचे थोरले म्हणाले की लेकरू निष्पाप होतं, म्हणून लवकर बोलावणं आलं. धाकट्यानं ऐकून घेतलं आणि मागे खेळणाऱ्या मुलांकडे बघून अगदी साधेपणानं विचारलं की मग ही तुमची नातवंडं का राहिली. पाण्याचा पेला अर्धा असतानाच आम्हाला निरोप मिळाला.

मग भावजयीच्या हट्टापायी मेलेल्यांशी बोलणाऱ्या एका बाईकडे गेलो. तेवढ्यापुरती ती उठली, तिघंही गेलो. बाईनं पडदे ओढले, हात धरायला लावले, आणि बारीक आवाज काढून म्हणाली, "बाबा, मी सुखात आहे." धाकट्यानं हात सोडला आणि उठून बाहेर आला. जिन्यात बसून तो हसायला लागला, ते थांबेचना. "बाबा म्हणे," तो म्हणाला. "जन्मात कधी बाबा म्हणाली नाही." भावजय त्याच्या शेजारी बसली होती. डोळे पुसत ती म्हणाली, "तिकडे गेल्यावर शहाणी झाली असेल." तिला ते खरं हवं होतं. त्यावर मात्र तो हसला नाही.

नंतर मौनवाले. पांढऱ्या भिंती, बाकं, एक खिडकी. लोक यायचे, गप्प बसायचे, गप्प निघून जायचे. भिंतीवर एकच ओळ लिहिलेली होती. तेव्हा मला अक्षर येत नव्हतं, म्हणून धाकट्याला विचारलं, तर तो म्हणाला, "चपला बाहेर काढा, एवढंच लिहिलंय." ती जागा शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई सांभाळायच्या. त्यांनाही धाकट्यानं विचारलं, माझी मुलगी कुठे आहे. बाई म्हणाल्या, "मला माहीत नाही." इतक्या सरळ कुणी सांगितलं नव्हतं. तो तिथे बरेच आठवडे जात राहिला. येताना चेहरा जरा निवळलेला असायचा. पण एकदा वाटेत मला म्हणाला की तिथे बसलं की बरं वाटतं, पण बरं वाटणं म्हणजे उत्तर नव्हे.

तेवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण बाजारामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाणाऱ्यांची मंडळी जमायची, तिकडे त्याला कुणीतरी नेलं. ढोल, टाळ्या, डोळे मिटून डोलणारी माणसं. त्यांचा मुख्य पूर्वी बस चालवायचा, म्हणून सगळे त्याला ड्रायव्हरभाऊ म्हणत. मनानं वाईट माणूस नव्हता. पण बोलायला लागला की ब्रेक लागत नसे. त्या दिवशी मी नव्हते. ड्रायव्हरभाऊनं धाकट्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि सगळ्यांसमोर सांगितलं की तुझा विश्वास कमी पडला. पुरेसा असता तर वरच्यानं पोरीला धरून ठेवलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा माझ्याकडे आला तेव्हा मी भाजी निवडत होते. कित्येक दिवसांत त्याच्या तोंडावर एवढी तकाकी पाहिली नव्हती. मला वाटलं, काहीतरी चांगलं घडलं.

"ताई," तो म्हणाला, "पहिल्यांदाच कुणीतरी कारण सांगितलं."

कारण काय ते ऐकलं आणि माझ्या हातातली भाजी तशीच राहिली. मी ड्रायव्हरभाऊच्या सात पिढ्या उद्धारल्या. धाकटा शांतपणे ऐकत होता. रागावण्यासारखं त्यात काय आहे हेच त्याला कळत नव्हतं. माणूस पडला, गाठ ढिली होती. गाठ कुणाची, तर आपली. त्याच्या हिशेबी आता सगळं जुळत होतं. एकच गोष्ट अडली होती, ती त्यानं तिथेही विचारली होती: विश्वास किती कमी पडला? त्यावर सगळे पुन्हा गायला लागले होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी रंगाच्या कारखान्याचं काम आलं. त्यांच्या धुराड्याच्या टोकावरची वीज झेलणारी सळई वाकली होती, ती बदलायची होती. उंच, जुनं, विटांचं धुराडं. कामासाठी नवा दोर आणला, तुळईला टांगला, पोतं बांधलं. मी पोतं सोडलं, दोर कुरकुरला आणि टिकला. धाकटा हलणाऱ्या पोत्याकडे बघत उभा होता.

"ताई, याच्यावर कुणी कधी वजन टांगून बघितलंय का?"

"आत्ता बघितलं की."

"दोरावर नव्हे." त्यानं हनुवटीनं वर दाखवलं.

आधी मला वाटलं, गंमत करतोय. मग त्यानं नीट सांगितलं, कामाची आखणी सांगावी तसं. वर गेल्यावर दोर सोडायचा. धुराड्याचा काठ वीतभर रुंद आहे. त्या काठावरून डोळे मिटून एक फेरी मारायची. वरच्यानं धरलं, तर तो आहे आणि आपला विश्वासही पुरेसा आहे. मग खारू गेली त्याचं कारण दुसरं काहीतरी असेल, ते पुन्हा शोधता येईल. नाही धरलं, तर प्रश्नच मिटला.

मी आवाज चढवला नाही. आमच्याकडे घाबरल्यावर आवाज खाली आणायची सवय असते. मी म्हणाले, "दोराला पोतं टांगतात. माणूस टांगून कुणी दोर तपासत नाही."

"पोत्याला धरतो असं कुणी म्हणत नाही, ताई. माणसाला धरतो म्हणतात."

मी म्हणाले की तू तसाही पडणार नाहीस, तुझे पाय शिकलेले आहेत, मग तुला काय कळणार. तो म्हणाला, म्हणून तर डोळे मिटायचे. मी म्हणाले, मी दोर धरायला येणार नाही. तो म्हणाला, नको येऊस, मग वर दोर सोडायचीही कटकट नाही. प्रत्येक गोष्टीला त्याच्याकडे उत्तर तयार होतं. भावजयीला सांगू का, असं धमकावलं, तेव्हा मात्र त्यानं माझा हात धरला आणि म्हणाला, ती नुकती उठून बसायला लागली आहे. ते खरंच होतं. इकडे आड, तिकडे विहीर.

मी शेडवर गेले. ड्रायव्हरभाऊ खुर्च्या लावत होता. तुझे शब्द परत घे, माझ्या भावासमोर परत घे, असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, ते मी बोललोच नाही, माझ्या तोंडून बोललं गेलं. मग धाकट्याचा बेत सांगितला, तसा त्याचा चेहरा उतरला. खुर्चीच्या पाठीला धरून तो उभा राहिला आणि म्हणाला की मी त्याच्यासाठी उपास करतो. मी म्हणाले, उपास तू कर आणि पडू दे त्याला. तो धाकट्याकडे गेला, हे मला नंतर कळलं. त्यानं माफी मागितली. पण धाकट्यानं ती माफी ऐकली आणि विचारलं की मग ते खरं होतं की खोटं. ड्रायव्हरभाऊला खोटं म्हणवेना. त्याचं सगळं आयुष्य त्या एका वाक्यावर उभं होतं.

मग बाईंकडे. त्या मौनवाल्यांच्या खोलीत बाकं पुसत होत्या. मी म्हणाले, तुमचं तो ऐकतो, त्याला सांगा की वर कुणीतरी आहे, खात्रीनं आहे, तपासायची गरज नाही.

"आणि मला खात्री नसेल तर?"

"तो खाली उतरल्यावर मग खरं सांगा."

त्या फडकं हातात धरून बसल्या. "खोटं बोलून मी त्याला एक दिवस वाचवेन," त्या म्हणाल्या.

"मला तो एकच दिवस हवाय."

त्या बराच वेळ गप्प होत्या. गप्प बसण्यात त्यांचा हात कोण धरणार. शेवटी म्हणाल्या, मी त्याला जाऊ नकोस एवढंच सांगेन, कारण ते खरं आहे, मला तो गेलेला नको आहे. त्यांनी तसं सांगितलंही. धाकट्यानं त्यांना नमस्कार केला आणि घरी येऊन आकड्यांना तेल लावत बसला.

कारखान्याला सुटी होती त्या दिवशी काम ठरलं. भट्टी थंड, आवारात कुणी नाही. मी गेले. न जाऊन काय करणार होते, निदान डोळ्यासमोर तरी राहील. वेल्डर आधीच येऊन आपली यंत्रं मांडत होता. त्याला मी काही सांगितलं नव्हतं, पण माझं तोंड बघून तो म्हणाला, "ताई, आज तुम्ही स्वतःच्याच तेराव्याला आल्यासारख्या दिसताय."

धाकट्यानं पट्टा बांधला. गाठ मारली. आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"बघ."

मी बोट घातलं, ओढलं. गाठ पक्की होती. त्याच्या डोळ्यांत बघायचा प्रयत्न केला, तर तो पायऱ्या मोजत असल्यासारखा वर बघत होता. मला वाटलं, विचार बदलला. गाठ दाखवून कुणी दगा देत नाही, आमच्यात असं कधी झालेलं नाही. मी मान हलवली.

तो चढायला लागला. दोर माझ्या हातातून सरकत होता, मधेच थांबत होता, आकडा अडकवला की पुन्हा सरकत होता. एका ठिकाणी तो बराच थांबला, मग पुढे गेला. तो लहान होत होत बोटाएवढा झाला आणि काठावर पोचला. मी वेढा घट्ट केला. वेल्डर विडी पेटवत होता.

तेव्हा दोर ढिला पडला.

आधी थोडा, वाकून काही करताना पडतो तसा. मग माझ्या हाताला वजनच लागेना. आणि मग तो वरून यायला लागला, एकेका आकड्यातून सळसळत, स्वतःच्याच भारानं, आणि शेवटचं टोक माझ्या पायाशी येऊन पडलं. कापलेलं नव्हतं. नीट सोडलेलं. गाठीचा वळसा अजून त्यात तसाच होता.

वर पांढऱ्या आभाळावर एक काळी रेघ उभी राहिली. दोन्ही हात किंचित पसरलेले.

वेल्डरनं वर पाहिलं आणि हाक मारायला तोंड उघडलं. मी त्याच्या तोंडावर हात दाबला. त्याची विडी माझ्या तळव्याला लागली, ती जखम पुढे बरेच दिवस होती, पण तेव्हा कळलंही नाही. त्याच्या कानात सांगितलं, ओरडलास तर तो पडेल.

ओरडायचं नाही. दोर नाही, म्हणजे दोरानंही सांगता येणार नाही. उरलं काय? मी चपला काढल्या. दोराचं टोक कमरेला बांधलं, दुसरं वेल्डरच्या हातात दिलं, खुंट्याला वेढा कसा ठेवायचा ते दाखवलं आणि पायऱ्यांना हात घातला. लहान असताना वडिलांच्या मागून मी चढले होते, त्यानंतर कधीच नाही. लुगडं खोचलं होतं, तरी पायात येत होतं. मी वर बघत नव्हते, खालीही बघत नव्हते. समोर विटा, विटांमधला चुना, त्यावरून खाली आलेली सळईची तांब्याची पट्टी. आकडा आला की दोर ओवायचा, पुढची पायरी. हात भरून आले. मग गुडघे. वर तो किती चालला, अर्धी फेरी की पाव, मला दिसत नव्हतं. फक्त काही खाली येत नाही एवढं ठाऊक होतं, आणि प्रत्येक पायरीला मी तेवढंच मनात म्हणत होते. अजून आला नाही. अजून आला नाही.

लोखंड एकसंध असतं. खाली कुणी पाय ठेवला की वर कळतं. त्याला कळलं असेल, हे मला तेव्हा सुचलंही नव्हतं. मला फक्त त्याच्याजवळ पोचायचं होतं.

"ताई, थांब."

आवाज वरून आला, हळू, अगदी रोजचा. मी पुढच्या पायरीकडे नेलेला हात तसाच राहिला.

"तिला हात लावू नकोस. गंजून पापड झालीय. मी वगळून गेलो होतो."

एरवी कुजकी पायरी लागली की तो तिच्यावर खडूनं फुली मारायचा, मागून येणाऱ्यासाठी. त्या दिवशी मारली नव्हती. मागून कुणी येईल असं त्याच्या हिशेबात नव्हतं.

मी हात मागे घेतला आणि तिथेच अडकले. वर जाता येईना, खाली जाता येईना. पाय लटपटायला लागले, त्यानं पायरी वाजायला लागली. मी खाली पाहिलं नाही, पण त्यानं पाहिलं असावं.

"दोर कुणाकडे आहे?"

"वेल्डरकडे."

"वेढा सोडून हातात धरलाय त्यानं. बकरी धरल्यासारखा."

म्हणजे मला कुणीच धरलेलं नव्हतं. हे त्याला कळलं आणि मलाही. मग वरून लोखंड हलायला लागलं. तो उतरत होता. पट्ट्याला काही नाही, नुसते हात. कुजकी पायरी सोडून त्यानं पाय लांब टाकला, माझ्या बाजूच्या विटेवर टेकवला आणि माझ्या कमरेभोवती हात घालून मला भिंतीवर दाबून धरलं. त्याच्या अंगाला घाम आणि काजळीचा वास येत होता. दुसऱ्या हातानं त्यानं माझ्या दोराचा पदर आकड्यातून आखडता घेतला, वेढा दिला, उरलेल्या पदराची आपल्या पट्ट्याला गाठ मारली. आणि सवयीनं ती माझ्यापुढे धरली. मी बोट घातलं. ओढून पाहिलं आणि मान हलवली.

तसेच आम्ही थोडा वेळ लटकलो होतो.

"फेरी पुरी झाली का?" मी विचारलं.

"नाही. थोडी राहिली."

"मग?"

त्याचा श्वास माझ्या मानेवर येत होता.

"काही नव्हतं, ताई. डोळे मिटल्यावर नुसता वारा. मग लोखंड हललं. पायाखाली नीट कळलं. कुणीतरी येतंय." तो थांबला. "मला वाटलं, तोच आला. डोळे उघडले, तर तू."

"पडलं ना तोंड?"

"पडलं."

मला हसू आलं. तशा जागी हसणं वाईट, पायऱ्या हलतात. तो म्हणाला, हसू नकोस, आणि स्वतःच हसायला लागला, आणि मग ते हसणं राहिलं नाही. खारू गेल्यापासून तो रडला नव्हता. भिंतीला तोंड लावून तो रडला आणि मी पायरी धरून उभी राहिले. त्याच्या पाठीवरून फिरवायला माझा हात मोकळा नव्हता.

मग त्यानं मला उतरवलं. प्रत्येक पायरीला सांगून, डावा पाय, आता उजवा, लहान मुलाला जिन्यावरून उतरवावं तसं. जमिनीला पाय लागले तेव्हा वेल्डर खुंट्याशी बसकण मारून होता, दोर दोन्ही हातांत, तळवे सोललेले. तो म्हणाला, "आज माझा देवावर विश्वास बसला. तुम्हा दोघांवरचा उडाला."

सळई त्या दिवशी बदलली गेली नाही.

वेल्डरच्या पोटात काही राहत नसे. संध्याकाळच्या आत भावजयीला कळलं. मला वाटलं होतं, ती आकांत करेल, नाहीतर त्याला घराबाहेर काढेल. ती आली आणि त्याच्यासमोर खाली बसली. तिचे केस विंचरलेले नव्हते. ती एवढंच म्हणाली, "मला विचारलं असतंस तर मीही आले असते."

इतके दिवस धाकटा कारण शोधत फिरत होता, तेव्हा घरात हे माणूस काय शोधत पडून होतं, हे त्यानं, आणि मीही, विचारलंच नव्हतं. त्यानंतर बरेच दिवस मी त्या दोघांना एकटं सोडलं नाही. रोज सकाळी जाऊन दार वाजवायची. दार उघडेपर्यंत जीव टांगणीला असायचा.

पुढे ती दोघं मिळून मौनवाल्यांकडे जायला लागली. कधी घंटेवाल्यांकडे, कारण तिला घंटा आवडायची. एकदा तर शेडवरही गेली. ड्रायव्हरभाऊ त्यांना बघून गाणं विसरला म्हणतात. त्या दिवसापासून तो विश्वासाबद्दल कमी बोलायचा आणि गायचा जास्त, ते त्याला आणि ऐकणाऱ्यांना दोघांनाही बरं पडलं. धाकटा कुठल्याच घराचा झाला नाही. कामाला मात्र गेला, चढला, उतरला. पुढे माझ्या जागी माझी थोरली सासरहून येऊन दोर धरायला लागली.

पुष्कळ वर्षांनी, केस पिकल्यावर, मी त्याला एकदा विचारलं की मग तुझं काय ठरलं, वर कुणी आहे की नाही. आम्ही दोघं ओट्यावर बसून शेंगा सोलत होतो. तो म्हणाला, "विचारू नकोस, ताई. आत्ता कुठे जमायला लागलंय." मी पुन्हा विचारलं नाही.

तो गेला तेव्हा निरोप कुठल्या पद्धतीनं द्यायचा यावर मंडळींत कुजबुज झाली. भावजय म्हणाली की ज्याला जे म्हणायचं ते म्हणू द्या, आणि मग थोडा वेळ सगळे गप्प बसा. तसं केलं. मौनवाल्यांच्या बाई तेव्हा नव्हत्या, त्याच्या आधीच गेल्या होत्या. वेल्डर काठी टेकत आला होता आणि काहीच न म्हणता सगळ्यांत जास्त रडला.

माझा धाकटा भाऊ माझ्या नातीला पहिली मुलगी झाली त्या वर्षी, पावसाळा संपल्यावर, छातीच्या दुखण्यानं, आपल्या घरी अंथरुणावर, दुपारच्या वेळी वारला. भावजय त्याच्यामागून पुढच्या उन्हाळ्यात गेली.